शंभराला तीस

बीबी, ता. लोणार
५ फेब्रुवारी २०२५

प्रसेन,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवलं असशील तर माझा इलाज नाही. फोडलं असशील तर थोडं वाच.

तुझा भोसरीचा पत्ता काजलनं दिला. आयटीआयला तुझ्या वर्गात होती ती, देऊळगाव राजाची. तिच्यावर रागावू नको. मी तिच्या दुकानात तीन वेळा जाऊन बसले, तेव्हा तिसऱ्या वेळी तिनं कागदावर लिहून दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, "ताई, त्यानं नको म्हटलं हाय." तू ग्लास फायबरच्या कारखान्यात आहेस, ड्रोनची बॉडी बनवतोस, हाताखाली सहा माणसं आहेत, एवढं तिच्याकडून कळलं. बरं वाटलं.

मला एक माहिती हवी आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बालसा लाकडाचा विमानाचा पंख करायचा आहे. बालसा नुसता ठेवला तर बोटानंही दबतो, म्हणून त्यावर बारीक काचेचं कापड इपॉक्सीनं चिकटवून चढवायचं. आपण दोघं करायचो तसंच. इपॉक्सीच्या रेझिनचं ठरलंय, अडलंय ते त्याला कडक करणाऱ्या हार्डनरवर. पुण्याचा दुकानदार फोनवर विचारतो, फास्ट देऊ की स्लो? मेहकरला गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा एक जण म्हणतो, "पुन्याहून कशाले मागवता मॅडम, माह्याकडलं पॉलिस्टर न्या, अर्ध्या घंट्यात कडक." मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते खरी, पण या कामात माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझा रोजचा हात आहे.

बाबा ठीक आहेत. उजव्या डोळ्याच्या जागी आता दुखत नाही. डाव्यात मोतीबिंदू होईल अशी भीती होती, तो अजून तरी नाही. सुतारकाम बंद केलं होतं, आता पुन्हा थोडं थोडं करतात.

सहा वर्षांचं एका पत्रात मावणार नाही, आणि तुला ते हवं आहे का तेही मला माहीत नाही. हार्डनरचं तेवढं कळव.

मयुरीताई


बीबी
२३ फेब्रुवारी २०२५

प्रसेन,

तुझं पत्र मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही. तू लिहिलंस ते इथे उतरवून काढते, म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही ते तुला कळेल:

"पॉलिस्टर नको. बालसा ते पितो आणि जड होतो. इपॉक्सीच. हार्डनर स्लो. तुमच्याकडे मार्चमध्ये दुपारी अडतीसच्या वर जातं, फास्ट घेतलं तर कप हातातच तापून धूर निघेल. स्लोसुद्धा खोल भांड्यात एकदम कालवायचं नाही. पसरट ताटलीत, थोडं थोडं. सकाळी सहाला काम. प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनानं, डिजिटल काट्यावर. हार्डनर कमी घातला तर वेळ वाढतो आणि जास्त घातला तर लवकर वाळतं, असं लोक समजतात. तसं नाही. कमी पडला तर ते कधीच पिकत नाही, वरून सुकलेलं दिसतं आणि आत कच्चं राहतं. हातमोजे घाल. विज्ञान प्रदर्शनं डिसेंबरमध्येच संपतात. पंख कशाला हवाय?"

पकडलंस. शाळेचं खोटं होतं. पंख बाबांना हवा आहे.

मी तुला पत्र टाकलं हे त्यांना सांगितलं नव्हतं. पण तुझं उत्तर पोस्टमननं नेमकं त्यांच्याच हातात दिलं. मी शाळेतून आले तर ते ओट्यावर बसलेले, पाकीट मांडीवर, न फोडलेलं. म्हणाले, "प्रसेनचं अक्षर हाय हे. वाच." मी वाचून दाखवलं. एक वाक्य सोडून सगळं वाचलं. कोणतं सोडलं ते तुझं तू ओळख, किंवा ओळखू नको.

आता खरं कारण सांगते. चौदा एप्रिलला जयंतीच्या मैदानात तू रिमोटवर उडवलेल्या छोट्या विमानाचा डावा पंख बाबांनी टाकला नव्हता. उजव्याचा जमिनीवर आपटून चुरा झाला, पण डावा दोन तुकड्यांत माळ्यावर होता. दिवाळीच्या आधी त्यांनी तो खाली काढला आणि धूळ पुसून कामाच्या बाकावर ठेवला. रोज सकाळी डावा डोळा अगदी जवळ नेऊन बघत बसायचे. मी विचारलं, काय बघता? तर म्हणाले, "पंखाच्या पोटातली पट्टी म्या रंधली होती. जोड म्या लावला होता. पट्टी मोडली म्हणून पंख मोडला, का दुसरं काही झालं, ते मले मरायच्या आंधी समजलं पायजे."

मला हे नवीन होतं, प्रसेन. जालन्याच्या दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधलेली असताना ज्या माणसानं तुला "माह्या दारात पाय ठेवू नको" म्हटलं, तो माणूस इतकी वर्षं स्वतःच्या रंध्यावर संशय धरून बसला होता. आणि मी त्याच घरात राहते.

त्यांनी असं ठरवलंय. तुझं जुनं ड्रॉइंग काढायचं, तसाच एक डावा पंख करायचा, तशीच पट्टी, तसाच जोड. वर काचेचं कापड नियमाप्रमाणे चढवायचं. मग बुडाशी बाकाला आवळून त्यावर वजन ठेवत जायचं. मोडला तर पट्टी कमजोर, म्हणजे चूक त्यांची. नाही मोडला तर चूक त्यांची नाही.

मग कोणाची, ते ते बोलले नाहीत.

जुन्या पंखाचा बोटभर तुकडा कापून त्यांनी माझ्याकडे दिला आहे. "पोराले धाड, त्याचं तेच काम हाय, तो पाहून सांगल." पुढच्या पत्रात पाठवते.

मयुरीताई


बीबी
१६ मार्च २०२५

प्रसेन,

या वेळी तुझ्या पत्रात चारच ओळी होत्या. "पाकिटात तुकडा नव्हता, पुढच्या पत्रात म्हणालीस तेही आलं नाही. पाठव. डाव्या पंखाला तू शंभराला तीसच घेतलं होतंस ना?"

तुकडा बहुतेक इथेच कुठे तरी राहिला. शाळेत परीक्षांचे दिवस आहेत, पेपर, गठ्ठे, त्यात हरवला असेल. शोधते. आणि प्रमाणाचं म्हणशील तर एवढ्या वर्षांचं आता कुठे आठवतंय. तू सांगून गेला होतास तेच घेतलं असणार.

सामान आलं. पांढऱ्या डब्यात रेझिन, छोट्या बाटलीत स्लो हार्डनर. बाटलीवर तेच प्रमाण आहे, शंभर ग्रॅम रेझिनला तीस हार्डनर. कापड इतकं बारीक की हातावर ठेवलं तर खालच्या रेषा दिसतात. बाबांनी पंखाचा सांगाडा पुरा केला. एका डोळ्यानं त्यांना खोली कळत नाही, म्हणून पटाशी टेकवताना आधी डाव्या अंगठ्यानं जागा चाचपतात. दोनदा कापलं. मी मदतीला गेले तर, "तू सरक. हे माह्या हातचंच पायजे."

काल पुंजाजीकाका आले होते. अजून तेच जयंती मंडळाचे अध्यक्ष आहेत. बाकावरचा पंख बघून म्हणाले, "किसनराव, पुन्हा इमान? एका डोयानं भागलं नाही का? पोराच्या हौसेपायी एवढं झालं तरी." बाबा पॉलिश पेपर घासत राहिले. मी चहा ठेवायला आत गेले.

विमान सगळं प्रसेननं केलं, रेझिनचा मसाला त्यानं कालवला, उडवलंही त्यानंच, असं गावाला अजून वाटतं. बाबांनाही तसंच वाटतं. पंखावर कापड चढवायच्या दिवशी तू लोणारला गेला होतास आणि डावा पंख मी केला, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू दवाखान्यातही बोलला नाहीस. नंतरही कोणाजवळ बोलला नाहीस. काजललाही सांगितलं नाहीस, तिला मी आडून विचारून पाहिलं.

का नाही सांगितलंस?

मयुरी


बीबी
३० मार्च २०२५, रविवार

प्रसेन,

तुकडा हरवला नव्हता. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, रुमालात होता. सव्वा महिना तिथेच आहे. या पाकिटात घातला आहे आणि पाकीट रजिस्टर करते, म्हणजे पोचलं नाही असं म्हणायला मला जागा राहणार नाही.

आज सकाळी सहाला पंखावर कापड चढवलं. ते आधी सांगते, मग दुसरं.

बाबा समोर स्टुलावर बसले होते. काट्यावर ताटली, रेझिन शंभर ग्रॅम. मग हार्डनरची बाटली उघडली. काट्याचं तोंड माझ्याकडे होतं. बाबांना आकडे दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी त्यांना त्यातलं कळलं नसतं. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले. पंधरावर माझा हात थांबला.

मी काय विचार केला ते तुला लिहिते, कारण एवढं लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी विचार केला, इथंच बाटली ठेवून दिली तर हा पंखही कच्चा राहील. आठ दिवसांनी वजन ठेवलं की मोडेल. बाबा म्हणतील, पट्टीच कमजोर होती, चूक माझीच. तुझ्यावरचा दोष जाईल. माझ्याकडे कोणी बघणारसुद्धा नाही. आणि बाबांचं काय, त्यांनी तर तो दोष केव्हापासूनच अंगावर घेतलाय, त्यांना नवीन काय. हे सगळं मी हातात बाटली धरून, शांतपणे, हिशोब सोडवल्यासारखं मनात मांडलं. ह्याचीच मला आता भीती वाटते.

बाबा म्हणाले, "झालं का वं?"

मी म्हटलं, "नाही. अजून हाय."

आणि तीसपर्यंत ओतलं. काट्यावर तीस पूर्णांक एक आलं. मग पाच मिनिटं कालवलं, कडा खरवडून, तू शिकवलं होतंस तसं. कापडावर ओतून जुन्या एटीएम कार्डानं ओढत नेलं, जादा मसाला काठाकडे काढला. कुठे बुडबुडा राहिला नाही. साडेसातला काम संपलं. बाबा पंखावर नाक नेऊन वास घेत होते. म्हणाले, "तवा बी असाच वास होता."

तवाचं आता सांगते.

बारा एप्रिल, दोन हजार एकोणीस. उजवा पंख तू आदल्या दिवशी करून ठेवला होतास. सकाळी तू जातीच्या दाखल्यासाठी लोणारला गेलास. जाताना दारातून म्हणालास, "ताई, डावा आजच झाला पायजे. शंभराला तीस. थोडं थोडं कालव. ऊन चढायच्या आत." मला राग आला. मी बीएस्सी केमिस्ट्री, तू आयटीआय, आणि तू मला मोजायला शिकवतोस. बाबा कामावर गेले होते. मी आधी स्वयंपाक केला, डोकं धुतलं, आणि दीड वाजता पत्र्याच्या खोलीत बसले. पंखाला लागणारं सगळं एकदमच कालवलं, तेही स्टीलच्या खोल पेल्यात, पुन्हा पुन्हा मोजायचा कंटाळा म्हणून. अर्धा पंख होईस्तोवर पेला गरम झाला. मग धरवेना. मग त्यातून धूर निघाला आणि काचेसारखं दगड झालं. पेला मी शेणखताच्या खड्ड्यात पुरला.

पंखावर लागलेला अर्धा थर मी खरवडून काढला. बाटलीत राहिलेला हार्डनर मोजला तर शंभराला चौदा पडत होता. पुण्याहून दुसरी बाटली यायला आठ दिवस लागले असते आणि विमान परवा उडायचं होतं. मंडळानं विमानाला निळी फीत लावायचं ठरवलं होतं, पुंजाजीकाकांनी माइकवर सांगितलंही होतं. मी चौदाच घातला. मनात म्हटलं, वेळ लागेल जास्त, पण वाळेल. मला माहीत होतं की तसं होत नसतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. दोन पदार्थांतला एक कमी पडला तर दुसरा तसाच उरतो.

संध्याकाळी तू उशिरा आलास, दमलेला. मी पंख आतल्या खोलीत ठेवला होता. सकाळी उठून बोट लावलं तर बोट चिकटलं. मी माझी तोंडाची पावडर घेतली आणि पंखभर चोळली. चिकटपणा गेला. वर निळा रंग मारला. तू उठलास, पंख उचललास आणि म्हणालास, "ताई, एक नंबर." तू नख लावून बघितलं नाहीस. मी केलंय म्हटल्यावर तुला बघायची गरज वाटली नाही.

चौदाला दुपारी चारला एकेचाळीस डिग्री ऊन होतं. विमान अर्धा तास टेबलावर उन्हात ठेवलेलं, लोक फोटो काढत होते. मी गर्दीत मागे उभी होते. तुला जाऊन "उडवू नको" एवढंच म्हणायचं होतं. तीस-चाळीस पावलं होती. मी गेले नाही. दोन वळणं नीट झाली. तिसऱ्याला डावा पंख मधून वर मुडपला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. बाबा म्हाताऱ्यांबरोबर पुढच्या खुर्च्यांत बसले होते. विमान येताना दिसलं तेव्हा ते उठले नाहीत, शेजारच्या कौशल्याबाईला बाजूला ढकलायला वळले.

पुढचं तुला माहीत आहे. तू वळण जोरात घेतलं म्हणून झालं असं तू डॉक्टरांना, पोलिसांना, बाबांना, सगळ्यांना सांगत होतास. मी तुझ्या बाजूलाच उभी होते.

इतकं वळण नीट पिकलेल्या पंखानं सहज झेललं असतं, प्रसेन. तुझा हात बरोबर होता.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी वजन ठेवायचं आहे.

मयुरी


बीबी
९ एप्रिल २०२५

प्रसेन,

तुझं उत्तर काल संध्याकाळी आलं. पण रविवारचं आधी घडलं, म्हणून तेच आधी.

पंख सात दिवसांत पिकला. नख रुतत नव्हतं, टिचकी मारली की कडक आवाज येत होता. बाबांनी सकाळी तो बुडाशी दोन शिकंज्यांनी बाकाला आवळला. वजन म्हणून किलोकिलोचे मिठाचे पुडे आणले होते. तुझ्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात तूच लिहून ठेवलं आहेस की जोरातल्या वळणात एका पंखावर साडेचार किलोचा भार येतो. बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

ते एकेक पुडा ठेवत होते आणि प्रत्येकानंतर खाली वाकून पट्टीला कान लावत होते. तीन झाले. चार झाले. पाचव्याला पंखाचं टोक दोन बोटं खाली आलं, पण आवाज नाही. सहा. सात ठेवून ते मागे सरले आणि पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग पुडे काढायला लागले. पंख होता तसा वर आला.

त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पट्टी बरोबर होती तं मंग. जोड बी बरोबर होता. म्हंजे पोरानंच मसाला चुकवला." आवाजात राग नव्हता. थकवा होता. "उगाच शोधलं म्या. न्हाई शोधलं असतं तं बरं होतं."

मी म्हटलं, "बाबा, मसाला त्यानं नाही कालवला. म्या कालवला."

"हा व्हय. याचं न्हाई म्हनत. तवाचं."

"तवाचाच. डाव्या पंखाचा. प्रसेन लोणारले गेला होता त्या दिवशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमानं सांगितलं, नाही तर काहीतरी गाळलं गेलं असतं. पेल्याचं, चौदाचं, पावडरीचं. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

"कोनती पावडर?"

"तोंडाची. माही."

"हं."

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. मग म्हणाले, "तू पंख केला, हे प्रसेनले मालूम होतं?"

"हो. कमी घातलं ते नव्हतं मालूम. पण पंख म्या केला हे मालूम होतं."

"अन् तरी त्यानं माहं सारं आयकून घेतलं."

"हो."

"दवाखान्यात. साऱ्या लोकाईसमोर."

"हो, बाबा."

ते उठले. मिठाचा एक पुडा खाली पडून फुटला होता, तो गोळा करायला मी वाकले तर म्हणाले, "राहू दे." आणि चप्पल घालून विहाराकडे गेले. दुपारी आले, स्वतःच चूल पेटवून भाकर टाकली, आणि एकटेच जेवले. सोमवारीही तसंच. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मला ओरडले असते, मारलं असतं तर चाललं असतं. ते फक्त माझ्या बाजूनं जात होते, आपण भिंतीच्या बाजूनं जातो तसे.

काल तुझं पत्र पुन्हा त्यांच्याच हाती आलं. या वेळी त्यांनी ते फोडून ठेवलं होतं, पण चष्म्यानंही बारीक अक्षर लागत नाही. मला हाक मारली नाही, नुसतं समोर धरलं. मी वाचलं:

"तुकडा पाहिला. नख रुततं. इथे तापवून पाहिला, पन्नास डिग्रीलाच वाकला. बाबांना सांग, पट्टी चांगली होती."

एवढंच. तू माझ्याविषयी एक शब्द लिहिला नाहीस. स्वतःविषयीही लिहिला नाहीस. मी कागद उलटा करून बघितला.

बाबांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि रविवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "त्याचा पत्ता लिवून दे. मोठ्या अक्षरात."

मी म्हटलं, "मी येते बाबा तुमच्यासंग. पुण्याला दोनदा गाडी बदलायची, तुम्हाले पाट्या नाही दिसणार."

"तू नको येऊ. तुहं तू लिवलं त्याले. माहं मले तोंडानं बोलाचं हाय."

मयुरी


बीबी
१२ एप्रिल २०२५, सकाळी

प्रसेन,

हे पत्र पोस्टानं येत नाही. बाबा ते कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनजवळ आत पाठवतील आणि स्वतः बाहेर उभे असतील, म्हणून थोडक्यात लिहिते. त्यांना आधी बसव.

आज सकाळी पुंजाजीकाकांकडे जाऊन आले. अंगणात मंडळाची पाच-सहा माणसं मांडवाचं ठरवत बसली होती, कौशल्याबाईही होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मग पुंजाजीकाका म्हणाले, "इतक्या वर्सानं काऊन सांगून राह्यली?" मी निघाले तेव्हा कौशल्याबाई मागून फाटकापर्यंत आल्या. सोमवारपर्यंत गावाला कळेल. शाळेतही कळेल. कळू दे.

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल माझ्या हातचा चहा घेतला, अर्धा ठेवला. मला माफ केलंय असं तुला ते सांगणार नाहीत, आणि तू विचारूही नको. तुझ्याकडूनही मी ते मागत नाही. मागायचं असतं तर ते तेव्हाच, चौदाच्या दुपारी, त्या चाळीस पावलांवर मागायला हवं होतं.

त्यांच्या पिशवीत नवा पंख आहे, धोतराच्या कापडात गुंडाळलेला. बसमध्ये कोणाचा धक्का लागेल म्हणून मी नको म्हटलं होतं, ऐकलं नाही. तो तुला दाखवायचा आहे. डाव्या डोळ्यासाठी थेंब आहेत, दिवसातून दोनदा. डबा दिलाय, पण रस्त्यात खाल्ला नसेल.

आणखी एक. आता फाटकावर त्यांना घ्यायला जाशील तेव्हा त्यांच्या उजवीकडून जाऊ नको. तिकडून कोणी जवळ आलं की ते दचकतात, आणि मग आपण दचकलो याचा त्यांना राग येतो. समोरून जा, थोडं डावीकडे, म्हणजे तू येताना त्यांना लांबूनच दिसशील.

मयुरी